प्रिंटरमधले लाल ठिपके

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणून "भास झाला असेल" हे मला सांगायला येऊ नका. वीस वर्षं मीच ते स्वतःला सांगून राहिलोय.

राज्य नवीन झालं, तेव्हा रायपूरच्या आमच्या ऑफिसला वाटणीत भोपाळहून एक जुना लाइन प्रिंटर आला. कपाटाएवढा. मॅन्युअल नाही, कागदपत्रं नाहीत... आत एका कार्डावर आठ बारके स्विच, आणि हिंदी छापायला घेतलं की नुसते चौकोन. कॉम्प्युटर सेक्शन माझं, पण त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

चालवला तो मेश्रामने. बीरगांवचा, रोजंदारीवरचा इलेक्ट्रिशियन. अकरा दिवस एकेक स्विच वर-खाली करत, दर वेळी एक पान छापत बसला. बाराव्या दिवशी स्वच्छ अक्षर! मग बायकोचं लाल नेलपॉलिश आणून प्रत्येक स्विच जिकडे हवा त्या बाजूला त्याने ठिपका दिला.

"राहू द्या साहेब," म्हणाला, "मी नसलो तं तुम्हाले कामी येतीन."

मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं — ज्याने चालवला त्याचं नाव फाइलच्या नोटशीटवर द्या, परमनंट करू. मी तर परमनंटच होतो! तरी माझंच नाव लिहिलं. साहेब ठिपक्यांबद्दल विचारतील म्हणून ते थिनरने पुसले. महिनाभरात मेश्रामला कामावरून कमी केलं. तो शिवीसुद्धा देऊन गेला नाही, ह्याचाही मला रागच आला.

दोन वर्षांनी सफाईत कोणीतरी स्विच हलवले. पुन्हा चौकोन. सकाळभर मी त्या कोऱ्या कार्डाशी झटलो, मग कुलूप लावून जेवायला गेलो. किल्ली एकच, माझ्या खिशात. परत येऊन झाकण उघडलं... आठ लाल ठिपके. एकाला बोट लावलं. ओला होता.

ठिपक्यांप्रमाणे स्विच केले. पान स्वच्छ आलं.

तसाच स्कूटरवर बीरगांवला गेलो, भांडायलाच. मेश्राम दारात बसलेला. उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये भाजलेले दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, आणि बायको घास भरवून राहिली होती. आठ दिवसांपासून हेच चाललंय, ती म्हणाली. भांडण बाजूला ठेवलं. जे घडलं ते सांगितलं. त्याने तोंडातला घास संपवला.

"बरोबर छापलं का?"

"हव."

"मंग आता तरी नोट लिहा, साहेब."

लिहितो म्हणालो. लिहिली नाही.

ते ठिपके कोणी दिले, मला आजही माहीत नाही. पुसले कोणी, ते माहीत आहे.