बाबारावचा ब्रेकर

बाबारावइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही. लोहाऱ्याला एमआयडीसीच्या रस्त्यावर त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. चार पत्रे, एक फळी आणि वायरींचा पसारा. गिऱ्हाईक आलं की तो आधी गाडी नाही, त्याची अक्कल तपासायचा. फ्यूजच्या जागी कुणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली दिसली, की विचारायचा, "घरी लेकरं-बाळं आहेत?" आहेत म्हटलं की, "मंग हे काहून केलं?" निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जायची.

आधी तो शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. आमच्याकडे डीपीतला, म्हणजे शिवारातल्या वीजपेटीतला, फ्यूज उडाला की बारीक तार शोधत बसायला कुणाला सवड नसते. लाइन येणार मोजके तास, तेवढ्यात ओलीत उरकायचं असतं. मग हाताला लागेल ती जाड तार घालायची आणि मोकळं व्हायचं. याला आम्ही 'डायरेक्ट करणं' म्हणतो. फ्यूज उडत नाही, मोटार जळते. बाबारावचं पोट त्या जळालेल्या मोटारींवर चालायचं, आणि हा बाबा प्रत्येकाला शिव्या देऊन जाड तार काढायला लावायचा! असा धंदा किती दिवस चालणार? शेवटी तो गाड्यांकडे वळला. 'डायरेक्ट' हा शब्द मात्र तिथेही त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती.

माझी त्याच्याशी गाठ पडली ती २००६ साली. कापसानं त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं काय केलं ते मी नव्यानं सांगत नाही. पण त्यामुळे बाहेरच्या गाड्यांची रीघ लागली होती. पत्रकार, पाहणी पथकं, पुढारी, अभ्यास करणारे. त्यांच्या पांढऱ्या गाड्या डांबरी सोडून काळ्या मातीत उतरल्या की रुतल्याच म्हणून समजा. मी राळेगावचा. माझ्याकडे चारही चाकं ओढणारी जुनी जीप होती. नागपूरच्या भंगारातून एक विंच आणून मी तिच्या पुढच्या बंपरवर बसवून घेतला. विंच म्हणजे बॅटरीवर फिरणारा रहाटच, त्याला पोलादी दोर. रुतलेल्या गाड्या ओढून काढायच्या आणि साहेबांचे आभार ऐकायचे, हा माझा धंदा झाला. लाज वाटायची कधी कधी, खोटं कशाला सांगू.

विंचचं वायरिंग दाखवायला मी जीप बाबारावकडे नेली. त्यानं बॉनेट उचललं. विंचची जाड केबल थेट बॅटरीला जोडलेली होती.

"नानाजी, हे केबल कुठं घासली ना, तं चाबी काढून भी आग थांबनार नाही. चाबीचा अन् हिचा संबंधच नाही."

त्यानं केबल बंपरमधून जाते तिथे ती घासू नये म्हणून रबरी बुश घातला आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर एक ब्रेकर बसवला. मुठीएवढी काळी पेटी, तिला लाल खटका. विंचनं झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढला की आतली पट्टी तापते, खटका उसळतो, विंच जागच्या जागी थांबतो. पट्टी निवली की खटका दाबायचा आणि पुन्हा सुरू करायचं.

आठवड्याभरात तो दोनदा उसळला. दुसऱ्यांदा तर दिल्लीच्या कुठल्याशा साहेबांसमोर. त्यांची गाडी चिखलात, माझा विंच मुका, आणि साहेब सारखे घड्याळ बघताहेत. माझं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तसाच लोहाऱ्याला गेलो.

"काढून टाक ते ब्रेकर. मले नाही पाह्यजे."

"तुमी ताकदीच्या बाहेर ओढून राह्यले, त्यानं तेच सांगतलं," बाबाराव पकड खाली न ठेवताच म्हणाला.

"मले अक्कल शिकवू नको. डायरेक्ट कर."

त्यानं पकड खाली ठेवली. आता चांगलीच जुंपणार होती, तेवढ्यात जया धावत आली. ही त्याच्या शेजारची पोरगी, हातात मोबाइल. कापूस वेचायला गेलेल्या बायकांचा मेटाडोर रपट्यावरून घसरला होता. वर कुठेतरी अवकाळी पाऊस पडून नाल्याला पूर आला होता. ड्रायव्हर पोहून काठाला लागला आणि त्यानंच कुणाच्या तरी मोबाइलवरून फोन केला होता. नऊ बाया गाडीतच होत्या. त्यात बाबारावची बायको कौसल्या होती.

बाबारावनं मला काही विचारलं नाही. येऊन जीपमध्ये बसला. मीही ब्रेकरचं विसरलो आणि गाडी हाणली.

रपटा म्हणजे नाल्यातला बुटका पूल, कठडे नसलेला. मेटाडोरचं तोंड आमच्याकडे होतं, मागचं एक चाक कडेवरून खाली गेलं होतं. पाणी हेडलाइटपर्यंत चढलेलं. टपावर आणि मागच्या हौद्यात बाया एकमेकींना धरून बसल्या होत्या. पाण्याचा लोंढा आला की गाडी तसूभर सरकायची आणि सगळ्या एकदम ओरडायच्या. काठावर वीस-पंचवीस माणसं जमली होती, पण त्या धारेत पाय टेकवणं शक्य नव्हतं. रपट्याच्या पलीकडे डोह होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता.

दोराला दगड बांधून आम्ही तो फेकला. दोनदा हुकला. तिसऱ्यांदा कौसल्येनं झेलला, त्याच्यामागून विंचचा पोलादी दोर ओढून घेतला आणि बॉनेटवर पालथी पडून आकडा बंपरखाली अडकवला. मी विंच सुरू केला. दोर ताणला गेला, मेटाडोर हातभर पुढे आला, चाक कडेला टेकलं आणि तिथेच अडलं. विंच कण्हू लागला. मग खट् आवाज झाला. खटका उसळला होता.

काठावर एकच गलका झाला. "सुटली! सुटली!"

"सुटत नाही," बाबाराव ओरडला. "विंचले ब्रेक हाय, दोर धरून राह्यते!"

त्यानं खटका दाबला. तो लगेच उसळला. पट्टी तापलेली होती. निदान तीन मिनिटं तरी थांबावं लागणार होतं. आणि पाणी तर आमच्या डोळ्यांदेखत चढत होतं.

"डायरेक्ट करा!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले. "पाना टाका! डायरेक्ट करा!"

ब्रेकरच्या दोन बोल्टांवर एक पाना आडवा ठेवला की करंट ब्रेकरला वगळून थेट विंचला जाणार होता. मला काही सुचेनासं झालं होतं. मी वळून पाहिलं तर पाना बाबारावच्या हातात. हा आता तो लपवणार, बायको डोळ्यांसमोर बुडत असताना मला कायदा शिकवणार, या विचारानं मी पेटलो आणि पाना हिसकावायला त्याच्या अंगावर गेलो. त्यानं मला असा ढकलला की मी चिखलात बसलो. क्षणभर तो हातातल्या पान्याकडे बघत राहिला. मग त्यानं तो लांब पाण्यात भिरकावला.

"केबल पेटली तं विंच गेला," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "विंच गेला तं कोण काढन तिले?"

मी त्याला आईवरून शिवी दिली. आयुष्यात एवढा राग मला कुणाचा आला नव्हता.

तो माझ्याकडे बघतही नव्हता. मेटाडोरकडे बघत होता. "कायचं वजन हाय इतकं? नऊ बायाच तं हाय." आणि मग त्याच्या लक्षात आलं. मागच्या हौद्यात दिवसभर वेचलेल्या कापसाची गाठोडी होती. मालकाच्या घरी जाऊन काटा व्हायचा होता, वेचणीचे पैसे वजनावर मिळायचे होते. बाया त्या गाठोड्यांवर बसल्या होत्या, काही तर ती कवटाळून. तो कापूस पाणी पिऊन धोंड्यासारखा जड झाला होता. काठावर आम्ही इतके जण होतो, एकाच्याही मनात आलं नाही. कापूस टाकून द्यायचा असतो हे आमच्या डोक्यातच येत नाही.

"कापूस फेका!" बाबाराव बेंबीच्या देठापासून ओरडला. "कौसल्ये, कापूस फेक!"

बायांनी आमच्याजवळ उभ्या असलेल्या शेतमालकाकडे पाहिलं. तो बिचारा तोंड उघडं टाकून उभा होता. त्या वर्षी त्या गाठोड्यांची किंमत काय होती ते त्यालाच ठाऊक. मग त्यानंही दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "फेका बाई, फेका सारा!"

पहिलं गाठोडं कौसल्येनं लोटलं. मग एकामागून एक, पांढरी गाठोडी डोहाकडे वाहत गेली. मेटाडोरचा मागचा भाग उचलल्यासारखा वर आला. बाबाराव ब्रेकरवर तळवा ठेवून तो निवतोय का ते चाचपत होता. त्याचे ओठ हलत होते, बहुधा आकडे मोजत होता. मग त्यानं खटका दाबला. खटका बसला, आणि तसाच राहिला.

"हळू," तो मला म्हणाला.

मी हळू ओढलं. चाक कडेवर चढलं. रपटा सोडून मेटाडोर काठाला लागला. बाया उतरल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. कौसल्या रडली नाही. बाबारावजवळ गेलीही नाही. मी बॉनेट लावताना केबलला हात लावला तर तिचं रबर मऊ पडलं होतं, बोट रुतत होतं. मी गुपचूप हात काढून घेतला.

परतीला ते दोघं माझ्या जीपमध्ये होते. बाबाराव पुढे, ती मागे, कुणाची तरी चादर पांघरून. चारेक मैल मागे पडले.

"मी पाह्यलं," ती अचानक म्हणाली. "लोक पाना टाका म्हनून राह्यले होते, अन् तुमी तो फेकून देल्ला. मी तितं मरून राह्यली होती."

मला वाटलं, आता बाबाराव केबलचं सांगेल, करंटचं सांगेल. बरोबर तोच होता, केबलवर बोट ठेवून मी पाहिलं होतं. त्याच्या वतीनं बोलायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो बोलला.

"लोक बोलाच्या आधीच मी पाना उचलला होता."

ती मागून पुढे वाकली.

"बोल्टावर ठेवूनच राह्यलो होतो. करंट नाही, केबल नाही, मले काहीच आठवलं नाही. तुले पाह्यलं अन् पाना घेतला. नानाजी आंगावर आले म्हनून हात मांगं झाला. नाही तं मीच लावला असता."

माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप निघाला. त्याचा हात पान्यावर कशासाठी गेला होता, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

"खरं?" कौसल्येनं विचारलं.

"खरं."

तेव्हा कुठे ती रडायला लागली.