पदराला लागलेला धूर

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हालाच का सांगते आहे — तुम्ही माझ्या आयला पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

मी जव्हारला शिक्षिका आहे. आमचं मूळ घर जामसरच्या पुढे, पाड्यापासून बाजूला, माळावर. वडील गेल्यावर आय तिथे एकटी राहायची. मग ती ओट्यावरून पडली, कंबर मोडली, आणि मी तिला माझ्याकडे दुसऱ्या मजल्यावर घेऊन आले. दादा ठाण्याला कंपनीत. एका खोलीत तिला ठेवणार कुठे? ती आली, पण अट घालून. दर रविवारी मी घरी जायचं, चूल सारवायची, पेटवायची आणि भाकरीचा पहिला तुकडा तिच्यात टाकायचा. "घर निवू देव नको, बाय," ती म्हणाली. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

रविवारी निघताना ती नागलीच्या भाकरीचा तुकडा फडक्यात बांधून माझ्या हातात द्यायची. भाकरी मीच गॅसवर भाजलेली असायची, पण तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की एकच प्रश्न — "चूल जेवली का?"

सुरुवातीला मी गेले. खरंच गेले. मग एका रविवारी गेले नाही. कारण? आजारी नव्हते, पाऊस नव्हता, जीपही मिळत होत्या. मला कंटाळा आला होता. आणि खरं सांगायचं तर — मला त्या चुलीचा राग होता. वसतिगृहात शिकायला गेले तेव्हा माझ्या कपड्यांना धुराचा वास यायचा, मुली नाक दाबून सरकून बसायच्या. तो वास धुऊन काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पण हे कारण मी नंतर शोधलं. त्या दिवशी नुसता कंटाळाच होता.

तुकडा बाजारातल्या कुत्र्याला घातला आणि घरी आले. "जेवली," म्हटलं. आयने माझा पदर ओढून नाकाशी नेला. त्या रात्री ती जेवली नाही.

पुढच्या रविवारी मी काय केलं असेल? घरी गेले असेन, असं वाटतं ना तुम्हाला? मी स्टँडजवळच्या भजीच्या टपरीमागे गेले. तिथे लाकडावर कढई असते. धुरात पदर धरून उभी राहिले — जन्मभर ज्या वासापासून पळाले, तो मुद्दाम अंगाला लावून घेत. टपरीवाली म्हणाली, "बाई, डोलं जातील धुरानं. इकडं बसा ना." मी म्हटलं, गाडीची वाट बघतेय. घरी आल्यावर आयने पदर हुंगला, डोळे मिटून घेतले, आणि त्या रात्री पोटभर जेवली.

मग हेच चालू राहिलं. ती जाईपर्यंत. पाड्यावरचं कुणी भेटायला आलं की मी जागची हलत नसे. घर बंदच असतं, असं कुणी बोलून गेलं तर? लोकांना वाटायचं, लेक किती माया करते.

आमच्याकडे चितेसाठी विस्तव घरच्या चुलीतून नेतात. आयला तेवढंच हवं होतं. शेवटच्या दिवसांत दादाला सांगून ठेवलं होतं तिने, "माझे चुलीतला इस्तव द्या." तिला गावी नेलं, अंगणात ठेवलं. दादा मडकं घेऊन पुढे झाला. मी ते त्याच्या हातातून घेतलं. म्हटलं, वासे कुजलेत, कुणी आत येऊ नका, मी आणते.

आत चूल अशी उरलीच नव्हती. चुलीच्या तोंडातून वारूळ वर आलं होतं, माझ्या गुडघ्याएवढं. मग फुटक्या कौलावर पाचोळा आणि काटक्या ठेवल्या, पर्समधली काडेपेटी काढली. काडेपेटी मी जव्हारहूनच बरोबर घेतली होती. म्हणजे आत काय असेल ते मला ठाऊक होतं, नाही का? निखारे मडक्यात घातले आणि बाहेर आले. दादाने विचारलं, "आपल्याच चुलीतला ना?" मी म्हटलं, "आपल्याच."

त्याच पावसाळ्यात घर बसलं. दादा फोनवर रडला. मला हायसं वाटलं — हेही सांगून टाकते.

गेल्या वर्षी दादाने त्याच जागी पक्कं घर बांधलं. गॅस आहे, तरी वहिनीने मागच्या पडवीत मातीची चूल घातली. सगळे नातेवाईक जमले होते. दादा म्हणाला, "पहिली तूच पेटव. आयची चूल तूच सांभाळलीस." बायका बाजूला झाल्या, मला वाट करून दिली.

मी बसले. काटक्या रचल्या, फुंकर घातली. वहिनीने भाकरी थापली, तिचा पहिला तुकडा मोडून माझ्या हातात दिला, तो मी आत टाकला. मागे दादाची मुलगी हळूच म्हणाली, "आते, चूल जेवली का?" तिला हे कुणी शिकवलं असेल? दादानेच.

मी म्हटलं, "जेवली."