मोनालीनं आईला सांगितलेला निरोप

आमच्या वडगाव रासाईतलं कुणी शिरूरच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात गेलं, की घरचे आधी म्हाळू आबांच्या लेकीला, मोनालीला गाठत. ती दहावीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घ्यायची आणि तिथल्या डॉक्टरांना मराठी येत नसे. आत जाऊन त्यांचं ऐकायचं, बाहेर येऊन सांगायचं, हे काम गावानं तिच्या गळ्यात मारलं होतं. बदल्यात कुणी चहासुद्धा विचारत नसे.

शिकवणीत तिचा एका गोष्टीवर कटाक्ष होता. मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगतो, ‘तो म्हणाला, मी आजारी आहे.’ इंग्रजीत मात्र सांगताना ‘आहे’चं बहुतेक वेळा ‘होता’ करावं लागतं. अजून खरं असेल तर ‘आहे’ही चालतं. "म्हणून आधी विचारा, ते अजून खरं हाय का?" असं ती पोरांना बजावे.

गेल्या श्रावणात खुद्द म्हाळू आबाच रांजणगावच्या कंपनीत कोसळले. मेंदूत रक्तस्राव. त्यांनाही शिरूरच्या त्याच दवाखान्यात नेलं. सकाळी डॉक्टर मोनालीला म्हणाले, पेशंट शुद्धीवर आहे, हात दाबला तर कळतंय. दुपारी म्हणाले, आता काही कळत नाही, थोडाच वेळ आहे, आईला जवळ बसवा.

आई, जाईबाई, बाहेर बाकावर होती. "काय म्हणाले डॉक्टर?"

दुसऱ्यांच्या घरी वाईट सांगताना या पोरीची जीभ कधी अडखळली नव्हती. आईपुढं तिनं सकाळचंच वाक्य काढलं. "डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर हायेत. हात दाबला की कळतंय."

"मग पेज करून आणते," म्हणत जाईबाई उठली आणि वडगावच्या एसटीत बसली. मोनालीनं तिला अडवलं नाही. मला याचा अजून राग येतो, आणि पोरीची कीवही येते.

जाईबाई डबा घेऊन आली, तोवर आबांच्या तोंडावर चादर ओढलेली होती. ती तडक डॉक्टरांपुढं गेली. "शुद्धीवर हायेत म्हणाला व्हतास ना? खोटं का बोललास?"

डॉक्टरांना कळेना. त्यांनी सवयीनं मोनालीकडं पाहिलं, या काय म्हणतायत?

मोनाली आईकडंच वळली. "ते खोटं न्हाई बोलले, आई. ते सकाळचं व्हतं. दुपारी तुला जवळ बसवायला सांगितलं व्हतं त्यांनी. मीच सांगितलं न्हाई."

जाईबाईनं डबा बाकावर ठेवला.

"म्हंजी मी चूल पेटवत व्हते, तवा ते गेले का गं?"