बारा सशांचा पाला

बाराही ससे जिवंत होते, आणि तीच अडचण होती.

साहेबांनी वही मिटली. "काम बंद करू. भुईआवळीत काही नाही."

चव्वेचाळीस साल. सांगलीतली आमची प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या आणि मागे सशांचे पिंजरे. मेंढ्यांच्या यकृतातल्या किड्यांवर तेव्हा कार्बन टेट्राक्लोराइड हे जहाल औषध पाजत. किडे मरत, पण कधी यकृत जळून मेंढीही मरे. भुईआवळीच्या रसाने यकृत वाचतं का, हे आम्ही सशांवर पाहत होतो. बाराही सशांना त्याच औषधाचा डोस दिला. रस मात्र सहांनाच. बिनरसाचे सहा म्हणजे कंट्रोल, तुलनेसाठी ठेवलेले. ते आजारी पडले असते, तर रसाचा गुण दिसला असता. पण तेही टुणटुणीत.

मी, साहेबांचा मदतनीस, पिंजरे झाडायला घेतले. कंट्रोलच्या जाळीत एक चघळलेली काडी अडकली होती. पानाखाली मोहरीएवढी गोल फळं. भुईआवळीच.

रसासाठी पाला आणायचं काम भिवामामांचं. आटपाडीकडचे धनगर, माझ्या वडिलांच्या वयाचे.

"मामा, यांना पाला घातला?"

"घातला की. उरल्याला व्हता."

"यांना द्यायचा नाही, असं सांगितलं होतं ना?"

"आवं मास्तर, समदी एका वाड्यातली. एकाच्या तोंडात चारा आन् दुसऱ्यानं नुसतं बघायचं? आमच्यात तसं करत न्हाईत. दुखणाईताला तर आदी."

मी खाली बसलो. "साहेबांना कळलं तर तुमची नोकरी जाईल."

"आन् न्हाई कळलं तर?"

"तर हा पाला निकामी ठरेल. मेंढ्या मरतच राहतील."

मामांनी धोतराला हात पुसले आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले. मी मागोमाग.

"सायब, पाला म्या घातला. समद्यास्नी."

"कुणी सांगितलं होतं?"

"चारा घालाय कुनी सांगाय लागतंय व्हय?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, "पुन्हा करू. कंट्रोलला कुलूप. किल्ली तुझ्याकडे." आणि मामांकडे न बघता, "पाला यांनीच आणायचा. इतका ताजा दुसरं कोणी आणत नाही."

दुसऱ्या खेपेला कंट्रोलमधले चार मेले. रसवाल्यांतला एक. काम पुढे चालू राहिलं. मेलेल्यांना मामांनीच कुंपणाशी पुरलं. आठ दिवस ते मला सकाळी एवढंच विचारत, "आज किती?"

नवव्या दिवशी ते माझ्याशेजारी येऊन बसले. "मास्तर, किल्ली तुमच्याकडं हाय. लय जड असंल."

मी किल्ली खिशात टाकली आणि पिंजऱ्यांकडे वळलो.

इतक्या वर्षांनी, मामा वारल्याचं पत्र गेल्या आठवड्यात आटपाडीहून आलं. मी जुनी वही काढली. पहिल्या प्रयोगाच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: 'रद्द. कारण, चारा.'

पुढे मी कितीतरी नवख्यांना हे काम शिकवलं. प्रत्येकाला सांगत आलो, की कंट्रोलचे पिंजरे मायाळू माणसाच्या हाती देऊ नयेत. बाकी सगळी जनावरं त्याच्याच हाती द्यावीत.