हिराकाकींच्या पडवीतले नऊ दगड

इथले अनुभव मी वर्षभर नुसते वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसत वाचतोय. मी जिऑलॉजीचा पदवीधर. दगड हातात आला की फोडून बघायचा, एवढीच माझी श्रद्धा... त्यामुळे हे लिहायला हात जड होतोय.

२००४-०५ च्या सुमाराची गोष्ट. मी माती-परीक्षण करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये साइटवर होतो. भिवंडीजवळ वळ गावात हिराकाकी म्हणून एका बाईंच्या शेतात गोडाऊन होणार होतं आणि कोपऱ्यावर त्यांचं नवं घर. पायाआधी आम्ही बोअर मारून खालचा खडक वर काढायचो — वीत-वीतभर लांबीचे दंडगोल तुकडे. ते लाकडी पेटीत खोलीप्रमाणे ओळीने लावायचे, त्यांच्यावर रंगाने आकडे टाकायचे. इंजिनिअर त्यावरूनच पाया ठरवणार. पेट्या काकींच्या जुन्या घराच्या पडवीत ठेवलेल्या. दुपारी काकी मला हाक मारून जेवायला बसवायच्या — हातावर थापलेली तांदळाची भाकरी आणि सुकट. घरच्यासारखंच झालं होतं.

आपल्याकडचा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा, थरावर थर. दिसायला भक्कम, पण त्यातून फॉल्ट जातात — जमीन कधीकाळी जिथे फाटून सरकली त्या रेषा. वज्रेश्वरीचं गरम पाणी अशाच भेगांतून वर येतं म्हणतात. नव्या घराच्या जागी मारलेल्या तिसऱ्या बोअरला तेच लागलं. दीड मीटर नुसता भुगा आणि हिरवट चिकणमाती, आत सोडलेलं पाणी परत वर येईना... भूकंपाचा हादरा बसला तर अशा पट्ट्यावरचं बांधकाम आधी जातं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

खरं तर आजूबाजूला आणखी बोअर मारायला हवे होते. पण मशीन दुसऱ्या दिवशी पडघ्याला न्यायचं होतं, आणि रविवारी मला मुलगी बघायला जायचं होतं. (लग्न तिच्याशी झालंच नाही, ते सोडा.) माणसं मशीन घेऊन गेली. काकी मळ्यात होत्या. भर दुपारी पडवीत एकट्याने बसून मी तो भुगा फेकून दिला आणि एका सोडून दिलेल्या बोअरचे नऊ टणक तुकडे तिथे बसवले. आकडे खरवडून नवे टाकले. रिपोर्ट गेला, पासही झाला.

पंधरा दिवसांनी सहीच्या कामासाठी परत गेलो. काकी म्हणाल्या, "बाला, तुजे नऊ दगर रोज खाली येतान. मी रोज भरतंय."

मी हसलो. मांजर असेल म्हटलं. मग पडवीत गेलो... चार पेट्यांत मिळून शंभरावर तुकडे होते, त्यातले नऊच जमिनीवर होते. माझेच नऊ. कुठले बदललेत हे मी सोडून जगात कुणालाच माहीत नव्हतं. ते विखुरलेलेही नव्हते, एकापुढे एक सरळ ओळीत मांडल्यासारखे पडले होते. आणि ओळीचं तोंड होतं नव्या घराच्या कोपऱ्याकडे, जिथे पायाचा खड्डा खणून तयार होता.

मी ते पेटीत भरले, वर फळी ठेवून चार खिळे ठोकले आणि सहीसाठी काकींच्या मुलाची, दत्ताची वाट बघत अंगणात बसलो. तो तासाभराने आला. तेव्हा उठून पाहिलं तर फळी तशीच, चारही खिळे तसेच, आणि नऊ दगड बाहेर ओळीत.

दत्ताने माझा चेहरा पाहून विचारलं, "सायब, काय प्रॉब्लेम हाय का?"

काँक्रीट दुसऱ्या दिवशी पडणार होतं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर सगळं थांबलं असतं. पण मग नोकरी गेली असती, नाव खराब झालं असतं... मी म्हटलं, "काही नाही." खिळे उपटून फळी बाजूला ठेवली आणि निघून आलो.

दोनेक वर्षांनी एका दुपारी भूकंपाचा छोटासा धक्का बसला. गावात मांडणीवरची भांडी वाजली, बाकी कुणाचं काही गेलं नाही. फक्त काकींच्या नव्या घराचा तो कोपरा खचला आणि भिंत आत आली. काकी तिथे तांदूळ निवडत बसल्या होत्या. जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं आता वळत नाहीत. भाकरी थापता येत नाही.

मी भेटायला गेलो. पेट्या न्यायला आमच्याकडून कुणी गेलंच नव्हतं, त्या अजून जुन्या पडवीत होत्या. सुनेने मला चहा दिला. ती आत गेल्यावर काकी हळूच म्हणाल्या, "बाला, त्या दिशी सकाली मी दगर भरलंच न्हाय. कंटाला आला व्हता. म्हनून झालं का रं?"

मी नाही म्हटलं, आणि खाली बघून चहा पीत राहिलो.

खिळे ठोकलेल्या पेटीतून ते दगड बाहेर कसे आले, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. ते आत कसे गेले, याचं उत्तर माझ्यापाशी आहे... आणि ते मी काकींना अजून सांगितलेलं नाही.