भरताची वांगी आणि आमचं फाटक

'कोरोनात आपल्या कॉलनीने जवळच्या शेतकऱ्याला हात दिला,' असं परवा भरीत पार्टीत माईकवरून सांगितलं गेलं. टाळ्याही पडल्या. साफ खोटं आहे. तेव्हा कॉलनीचा अध्यक्ष मी होतो, म्हणून खरं काय घडलं ते मीच लिहितो.

जळगावचा भाजीबाजार बंद झाला, तेव्हा तापीकाठच्या गावचा एक शेतकरी मालवाहू रिक्षातून गिलकी, मेथी घेऊन आमच्या कॉलनीच्या फाटकाशी यायला लागला. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं. आता रांग लागायची. बाजारातल्या भाजीला किती जणांचे हात लागतात कोण जाणे, याच्या भाजीला याचे एकट्याचेच, हा हिशेब. गावरान चव, मातीशी नातं वगैरे भाषणं नंतरची. मुळात सगळे घाबरले होते.

त्या भरात मी त्याला म्हणालो, "भाऊ, हिवाळ्यासाठी भरताची वांगी लाव. अख्खी कॉलनी तुझ्याकडूनच घेईल."

आमच्याकडे भरीत एका घरापुरतं होतं का कधी? कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवून टोपल्याच्या टोपल्या भाजल्या जातात. त्याने माझ्या शब्दावर कपाशी कमी केली आणि वांगी लावली.

वांगी तोडणीला आली तोवर मॉल उघडले होते. भीती गेली नव्हती, पण आता लोकांना प्लास्टिकमधलं सुरक्षित वाटायला लागलं. उन्हाळ्यात त्याला 'दादा, दादा' करणारी शेजारीण बैठकीत म्हणाली, "त्याच्या गावात पेशंट आहेत म्हणे." पेशंट आमच्या कॉलनीत नव्हते? दोन घरं तेव्हाही पेशंटमुळे सील होती. पण बैठकीत माना डोलल्या. मीही मान डोलावली.

तो भरलेली रिक्षा घेऊन आला, तेव्हा मी फाटकातच होतो. हातात मॉलची पिशवी.

"आबा, बठ्ठा वांगा तुमनाकरताच लायेल शेतस." सगळी वांगी आमच्यासाठीच लावलेली.

"यंदा लोकांना पॅकिंगचं लागतं रे, भाऊ."

त्याने पिशवीकडे पाहिलं. "तुमले बी?"

"मला नाही. घरात चालत नाही," मी म्हणालो.

आमचं घर फाटकालगतच, बायको दारापुढच्या ओट्यावरच उभी होती. "घरात म्हणजे कोणाला? मला कधी विचारलंत?" ती टोपली घेऊन खाली आली, माझ्या देखत तिने वांगी निवडून भरून घेतली. बाकीच्या घरांच्या खिडक्या लागलेल्याच राहिल्या. बाकीची वांगी घेऊन तो परत गेला. पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही.

दुपारी बायकोने भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या. मी पाटावर बसलो. तिने माझ्या ताटात मॉलमधलं प्लास्टिकबंद वांगं ठेवलं, कच्चं, तसंच.

"हे घ्या. याला कोणाचा हात लागलेला नाही."