लग्नाची बारकी फाईल

माझ्या लग्नाची कॅसेट माहेरीच राहिली. मुलगी देऊन टाकली आणि कॅसेट ठेवून घेतली. कार्ल्याजवळच्या आमच्या घरी ती टीव्हीच्या कपाटात असायची. पाहुणा आला की दादा लावायचा, कारण तिच्यात जिकडंतिकडं तोच होता. पुढं प्लेअर बिघडला आणि ती पडून राहिली. इथला पावसाळा भिंतींना सोसत नाही, तिथं कॅसेटचं काय? आतल्या फितीवर पांढरी बुरशी धरली.

आई गेल्यावर मला त्या कॅसेटची आठवण झाली. तिचे फोटो आहेत दोन-तीन, पण सगळ्यांत ती शिक्षा झाल्यासारखी ताठ उभी. चालणारी, वळून बघणारी आई फक्त कॅसेटमध्ये होती, आणि तीही जराशीच. विधवेनं मागं राहायचं असलं आमच्यात काही नाही, ते सगळं आजोबांच्या पिढीनं धर्मांतराबरोबर टाकून दिलं. आई मागं राहिली ती भातासाठी. आचारी इंद्रायणी तांदळाचा गिचका करून ठेवील म्हणून ती चुलवणापासून हललीच नाही. पुढं बुद्धवंदना चाललेली, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, त्यांच्यावर शूटिंगवाल्याचा फोकस. मागं मांडवाच्या अंधाऱ्या कडेला आई. त्रिशरण संपल्यावर ती पदराला हात पुसत दोन पावलं पुढं आली, माझ्याकडं बघितलं आणि परत भाताकडं गेली. कॅसेट लावली की मी तेवढ्यासाठी बसायचे. बाकीच्या लग्नाशी मला काही देणंघेणं नव्हतं.

मी तळेगावच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. लोणावळ्यात जुन्या कॅसेटी उतरवून देणारं एक दुकान आहे असं दादानं सांगितलं, तेव्हा मी त्याला फोनवर बजावलं. बुरशीची फीत एकदाच चालेल, दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नाही. तेव्हा आधी चांगली मोठी फाईल करून घे. मी हार्डडिस्क घेऊन येते, मग लहान किती करायची ते बघू. का, तेही समजावून सांगितलं. फाईल लहान करायची म्हणजे मशीनला कुठंतरी हात आखडता घ्यावा लागतो. जुन्या फितीच्या चित्रात मुंग्या असतात, बारके काळे-पांढरे ठिपके, त्या वळवळत राहतात, आणि मशीनला ती हालचाल वाटते. बरीचशी जागा त्या मुंग्याच खातात. मग कात्री लागते ती अंधाराला, मागच्या बारक्या माणसांना. समोरचा, उजेडातला माणूस त्यातूनही तरून जातो. थोडी लहान केली तर चालेल, पण फार पिळायची नाही. दादा "व्हय, व्हय" म्हणत राहिला. तो ऐकत नव्हता हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. लहानपणापासून तो असाच व्हय व्हय म्हणतो.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनी सकाळी भावकीच्या ग्रुपवर माझं अख्खं लग्न येऊन पडलं. फोनवरून फोनवर जाईल एवढं पिळलेलं. खाली लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली, विनम्र अभिवादन, विनम्र अभिवादन. कुणाला अभिवादन चाललंय हे एकालाही दिसत नव्हतं. समोर दादा हार वाटतोय, त्याची मिशी शाबूत. मी नवरी, ठीकठाक. आणि मागं चुलवणाच्या जागी तपकिरी चौकोन, शेणाच्या गोवऱ्या थापल्यासारखे.

मी तशीच उठून लोणावळ्याला गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, मोठी फाईल केली होती ना. पण माल दिला की आम्ही उडवतो, किती जणांचं ठेवणार? भाऊच म्हणाले, फोनवर जाईल एवढी बारीक करा." आणि कॅसेट? शेवटाला फीत तुटली, तशीच परत दिली.

तिथून माहेरी गेले तर कॅसेट कचऱ्याच्या गाडीत गेली होती.

"तुजी डिस्क कदी येनार व्हती?" दादा म्हणाला. "दिवस तोंडावर आलता. लोकांनी आईला बगाय नको?"

"काय बघितलं लोकांनी? तुझी मिशी?"

"आन तुला काय त्येचं एवढं? तू तर दिलेली."

एवढी वर्षं हे वाक्य घरात कुणी उच्चारलं नव्हतं, पण होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या वंदनेला, ग्रुपला, सगळ्यालाच मी नाही नाही ते बोलले. वहिनी आत निघून गेली.

दादानं चिडून फोन काढला. व्हिडिओ पुढं सरकवला, थांबवला आणि दोन बोटांनी चित्र मोठं करून माझ्यापुढं धरलं.

"दिसत न्हाई म्हनं. ही काय आई. हितं उबी हाय."

"दादा, ते पाण्याचं पिंप आहे."

त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिला. मग रागबिग सगळा विसरून, लहान पोरासारखं त्यानं विचारलं,

"मंग आई कुटं हाय?"

मी फोन हातात घेतला. मागं नेलं, पुढं नेलं, परत मागं नेलं. त्रिशरण संपतं ती जागा मला पाठ आहे. मला आई दाखवता आली नाही.